कललेले झाड आणि ठेक्यावरचा माणूस



दरवर्षी मे महिना संपत आला की भिलाई-दुर्गच्या पट्ट्यात संध्याकाळची अंधडे सुरू होतात. धुळीचा लोट उठतो, पत्रे उडतात, वीज जाते आणि सकाळी उठून पाहावे तो वसाहतीच्या रस्त्यांवर झाडे आडवी. जे झाड पूर्ण पडले ते एक वेळ बरे. भीती असते ती अर्धवट पडलेल्या झाडाची. मुळे निम्मी उपटलेली आणि बुंधा क्वार्टरवर कललेला. किंवा शेंडा शेजारच्या झाडाच्या बेचक्यात अडकलेला आणि सगळा भार अधांतरी. अशा झाडाखाली ज्याला टंगिया आणि दोर देऊन उभे केले जाते, त्या माणसाविषयी आम्ही आज लिहीत आहोत. (टंगिया म्हणजे आपली कुऱ्हाड, हे तिकडच्या वाचकांसाठी.) हा माणूस आपल्या युनियनचा सभासद नाही. म्हणूनच इतकी वर्षे आम्ही त्याच्याविषयी एक ओळही लिहिली नाही. ही लाज आधी कबूल करतो आणि मग प्रशासनाकडे वळतो.

२०२२ च्या जून महिन्यातली गोष्ट. भिलाई परिसरातील एका वसाहतीत, खाते कोणते ते सांगत नाही, कारण रीत सगळीकडे तीच आहे, रात्रीच्या वादळात एक जुना शिरीष कलला आणि बाजूच्या कडुनिंबाच्या फांदीत अडकून राहिला. बुंधा दोन हातांच्या कवेत न मावणारा. सकाळी आठ वाजता ठेकेदाराची टोळी आली. पाच माणसे, एक कटर मशीन, दोन टंगिया आणि एक नारळाच्या काथ्याचा दोर. मुकादम म्हणाला, अकराच्या आत रस्ता मोकळा पाहिजे, साहेबांची गाडी यायची आहे. टोळीने जे बहुतेक ठिकाणी केले जाते तेच केले. अडकलेल्या झाडाचा बुंधा खालून तुकड्या-तुकड्याने कापायला घेतला. एक तुकडा निघाला की झाड धपकन खाली बसे आणि आणखी उभे होई. दुसरा तुकडा निघाला. तिसऱ्या कापाला झाड खाली न बसता बाजूला फिरले. मशीन धरणारा तीस वर्षांचा गडी, बालोदकडच्या एका खेड्यातला, भिंत आणि बुंधा यांच्यामध्ये सापडला. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा मशीन चालूच होते. इस्पितळाच्या वाटेवर तो गेला.

दुपारी रस्ता मोकळा झाला. कागदावर कारण नोंदवले गेले ते असे : कामगाराचा निष्काळजीपणा.

या दोन शब्दांशी आमचे भांडण आहे. त्यासाठी आधी कललेले झाड म्हणजे काय चीज आहे ते समजून घेतले पाहिजे. आम्ही काही जंगलखात्याचे पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि पुढची तीस-बत्तीस वर्षे रुळाशेजारी काढली. पण ताण आणि दाब काय असतो हे रूळवाल्याला कोणी शिकवावे लागत नाही. उन्हाळ्यात लांब वेल्डेड रुळात जो दाब साठतो तो डोळ्यांना दिसत नाही, आणि चुकीच्या वेळी चुकीच्या जागी पॅकिंग उकरले तर तोच रूळ सापासारखा वळतो. कललेल्या झाडाचे तसेच आहे. त्याच्या वरच्या बाजूचे लाकूड ताणलेले असते आणि खालच्या बाजूचे दाबलेले. सरळ उभ्या झाडाला जसे पुढे खाच घेऊन मागून कापत जातात, तसेच याला कापत गेले तर काप निम्म्यापर्यंत पोहोचण्याआधीच झाड निघते. मग बुंधा आडवा तुटण्याऐवजी उभा चिरत वर जातो आणि चिरलेला मागचा भाग उसळून कापणाऱ्याच्या छातीवर येतो. हे निमिषात होते. कापणाऱ्याला मागे सरकायला सवड मिळत नाही.

जाणते लाकूडतोडे यावर उपाय करतात. पुढची खाच उथळ घेतात. मग मशीनचे पाते मागच्या कडेपासून नव्हे तर बुंध्याच्या कुशीतून आरपार घालतात, पुढे बिजागरीसारखी एक पट्टी राखतात, आणि मागे एक जाड पट्टी धरून ठेवणारी म्हणून शेवटपर्यंत सोडतात. सगळे आटोपले, मागची वाट मोकळी आहे हे पाहिले, की ती शेवटची पट्टी बाहेरून तोडायची आणि तिरपे मागे निघून जायचे. शंका असेल तर कापाच्या वर बुंध्याला साखळी आवळून बांधायची. हे काम शिकावे लागते. दोनशे रुपये जास्त देतो म्हटल्याने ते कोणाला येत नाही.

मुळासकट उपटलेल्या झाडाची तर आणखी निराळी खोड. बुंधा जमिनीला टेकलेला असतो आणि मुळांचा गड्डा मातीसकट भिंतीसारखा उभा. बुंधा कापला की त्याचा भार गड्ड्यावरून निघतो आणि गड्डा एकदम मागे, आपल्या खड्ड्यात जाऊन बसतो. त्या खड्ड्यात कोणी उभा असेल, सावली म्हणून पोरेबाळे खेळत असतील, तर ती मातीखाली जातात. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, १७ मे २०२१ रोजी तौक्ते कोकणपट्टीवरून गेले. दोन्ही वेळा श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग, दापोलीकडे नारळी-पोफळीच्या आणि आंब्याच्या वाड्या झोपल्या. त्या वेळी रस्ते मोकळे करणाऱ्यांचे कौतुक वर्तमानपत्रांत आले, ते योग्यच होते. पण वादळ ओसरल्यावर कापाकापीत जी जोखीम सुरू होते तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. वादळ एका दिवसात जाते. अडकलेली झाडे पुढे महिनाभर माणसांच्या डोक्यावर लटकत असतात.

अडकलेले झाड हा या सगळ्यात वाईट प्रकार. हिशेब साधा आहे. दोन फूट जाडीचा आणि तेहतीस फूट लांबीचा ओला बुंधा धरला तर नुसते लाकूडच पावणेतीन ते तीन टन भरते, फांद्या वेगळ्या. हे तीन टन एका फांदीच्या आधाराने उभे आहेत. ती फांदी कधी मोडेल हे ना मुकादमाला ठाऊक, ना इंजिनिअरला. यार्डातल्या माणसाला आम्ही एवढेच सांगू : उतारावर भरलेली वाघीण उभी आहे, हँडब्रेक नाही, चाकाखाली गुटका नाही, एक दगड कुठेतरी अडकला आहे म्हणून ती थांबली आहे. तिच्यापुढे उभे राहून तो दगड काढायला तुम्ही कोणाला सांगाल काय?

तरी झाडाच्या बाबतीत हेच सांगितले जाते. अडकलेल्या झाडाखाली काम करायचे नाही, त्यावर चढायचे नाही, ज्या झाडाने त्याला तोलून धरले आहे ते कापायचे नाही, ते खाली यावे म्हणून दुसरे झाड त्याच्यावर पाडायचे नाही, आणि बुंध्याचे तुकडे खालून काढत जायचे नाही, हे जगभरच्या लाकूडतोड्यांना माहीत असलेले नियम आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९८ साली जंगलकामातील सुरक्षेची एक संहिताच प्रसिद्ध केली. अडकलेले झाड दुरून ओढून काढायचे असते. बुंध्याला तारेचा दोर बांधून, दोराच्या रेषेपासून माणसे बाजूला ठेवून, टिर्फोरने किंवा यंत्राच्या दोराने बुंधा मागे खेचायचा. ते जमत नसेल तर दोन झाडांच्या लांबीइतका घेर दोरी लावून बंद करायचा आणि साधन येईपर्यंत थांबायचे. आमच्या खात्यात टिर्फोर काही दुर्मीळ वस्तू नाही. पण तो स्टोअरात कुलपात असतो आणि ठेकेदाराच्या माणसाच्या हाती काथ्याचा दोर असतो.

अमेरिकेसारख्या देशात, जिथे यंत्रे आहेत, शिरस्त्राणे आहेत, शिक्षण आहे, तिथेही २०२२ साली दर लाख लाकूडतोड्यांमागे सुमारे शंभर जण कामावर मेले. सर्व धंद्यांची मिळून सरासरी चारच्या आत होती. म्हणजे हा धंदा मुळातच जीवघेणा आहे. आणि आपल्या टेंडरांत त्याचे नाव काय असते? 'झाडेझुडपे साफ करणे.' गवत काढणे, नाली उपसणे आणि चाळीस फुटांचा कललेला शिरीष पाडणे, तिन्ही एकाच ओळीत, अकुशल कामगाराच्या दराने. काही ठिकाणी तर याहून कमाल आहे. ठेकेदाराला पैसे द्यायचेच नाहीत. लाकूड त्याने न्यायचे आणि त्याबद्दल त्यानेच खात्याला रक्कम भरायची. ज्या कामात जितका वेळ जास्त तितका तोटा जास्त, त्या कामात सुरक्षेसाठी कोण थांबणार? मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात ते याहून वेगळे असते काय?

आता आम्ही रेल्वेवाले आहोत म्हणून रेल्वेचे उदाहरण देतो. रुळावर काम करायचे असेल तर आमच्याकडे काय शिस्त आहे? ब्लॉक घेतला जातो. सहाशे मीटरवर बॅनर फ्लॅग, बाराशे मीटरवर फटाके. वरच्या पंचवीस हजार व्होल्टच्या तारेपासून दोन मीटरच्या आत जायचे असेल तर वीज बंद करून, दोन्ही बाजूंना अर्थ लावून, लेखी परवाना हातात आल्याशिवाय कोणी शिडीवर पाय ठेवत नाही. डबा रुळावरून घसरला तर आम्ही गँगला 'खांदा लावा' म्हणत नाही. १४० टनी क्रेन येईपर्यंत थांबतो, हावडा-मुंबईसारखी मेन लाइन बंद असली तरी थांबतो. ही शिस्त कोणी साहेबाने मेहरबानी म्हणून दिलेली नाही. गँगमन, ज्याला आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात, नाव बदलले पण हातोडा तोच, त्याच्या कित्येक पिढ्यांच्या रक्ताने हे नियम लिहिले गेले आहेत. मग त्याच रुळापासून तीस फुटांवर कललेले झाड पाडताना ही शिस्त कुठे जाते? झाड आज तारेपासून पाच मीटर लांब आहे म्हणून परवाना लागत नाही, असे सांगतात. अहो, झाड उभे आहे तिथून मोजून काय उपयोग? ते पडताना कुठपर्यंत पोहोचेल तिथून मोजायला हवे. ओले लाकूड, ओली तार आणि ओला माणूस यांची गाठ पडली तर काय होते, हे ओएचईच्या माणसाला विचारा.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही चौकशीत येत नाही. झाड आपोआप कलत नाही. भिलाईत पोलाद कारखान्यासाठी १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली भट्टी पेटली. त्या काळात आणि नंतर ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांतली जुनी झाडे आज म्हातारी आहेत. त्यांच्या एका बाजूला रस्ता रुंद करून काँक्रीट टाकले. दुसऱ्या बाजूला केबलसाठी खंदक खणला आणि त्यात आडवी आलेली मुळे कुदळीने तोडली. वरून तारेला अडतात म्हणून दरवर्षी एकाच अंगाच्या फांद्या छाटल्या. एका बाजूचे पाय तोडायचे, दुसऱ्या बाजूच्या डोक्यावर ओझे ठेवायचे, आणि वाऱ्याने पडला की म्हणायचे नैसर्गिक आपत्ती! केबलचा ठेकेदार वेगळा, रस्त्याचा वेगळा, छाटणीचा वेगळा. मरणारा तेवढा एक. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ सालापासून आहे आणि शहरात झाड तोडायला परवानगी लागते. चांगली गोष्ट आहे, आमचा तिला विरोध नाही. पण झाडासाठी अर्ज आहे, पंचनामा आहे, समिती आहे. तोडणाऱ्या माणसाला हे काम येते काय, हे विचारणारा एक रकाना त्या अर्जात असावा असे आजवर कोणाला वाटले नाही.

काही अधिकारी म्हणतात, ही माणसे खेड्यातली, जंगलातली आहेत. झाड पाडणे त्यांच्या हाडात आहे. हे अर्धे खरे आहे म्हणूनच जास्त घातक आहे. जंगलात कूप तोडणारा माणूस झाड वाचतो. आपल्या महाराष्ट्रात १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था झाल्या, आदिवासी बांधवांनी ठेकेदाराला बाजूला सारून स्वतः कूप चालवले. त्या लोकांच्या कसबाबद्दल आम्हाला आदर आहे. पण जंगलात झाडाला पडायला जागा असते, तोडणाऱ्याला पळायला वाट असते आणि आज नाही तर उद्या असे म्हणता येते. वसाहतीत एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला विजेचा खांब, वर तारा, भोवती बघ्यांची गर्दी आणि मागे घड्याळ पाहणारा मुकादम. हा मुकादम स्वतः कालपर्यंत टोळीतच होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, त्याचा अर्थ अशा सकाळी कळतो.

आता त्या 'निष्काळजीपणा'कडे येऊ. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा, जो २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, त्यात कामामुळे आणि कामावर असताना झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यायची आहे. त्यासाठी मालकाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. कामगार नशेत होता, त्याने मुद्दाम हुकूम मोडला, अशा सबबी किरकोळ दुखापतीपुरत्या आहेत. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर त्या सबबीदेखील चालत नाहीत. मग साध्या निष्काळजीपणाची ती काय कथा! तरी हा शब्द कागदावर येतो, कारण तो बायकोला घाबरवण्याच्या कामी येतो. 'तुझ्या नवऱ्याचीच चूक होती, हे घे वीस हजार आणि अंगठा कर.' शिरिषाखाली गेलेल्या त्या गड्याच्या घरी नेमके हेच झाले. कायद्याचा हिशेब काय होता? २०२० पासून मजुरीची मर्यादा पंधरा हजार. तीस वर्षे वयाला गुणक २०७.९८, निम्म्या मजुरीला त्याने गुणले की १५,५९,८५० रुपये होतात. कुठे साडेपंधरा लाख आणि कुठे वीस हजार. आणि मजुरी कमी होती असे दाखवायला मस्टरवर महिन्याचे दहाच दिवस लावले की ही रक्कमही घसरते.

दुसरी पळवाट मूळ मालकाची. ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाने द्यावी आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, असे कायदा सांगतो. पण काम मालकाच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असले पाहिजे. लगेच उत्तर तयार असते : 'झाडे तोडणे हा आमचा धंदा नाही.' रुळावर झुकलेले झाड काढणे हा गाडी चालवण्याचा भाग नाही तर कशाचा भाग आहे? कामगारांच्या क्वार्टरवर कललेले झाड काढणे हा वसाहत राखण्याचा भाग नाही तर काय हौसेची बागकामाची गोष्ट आहे? हा मुद्दा आम्ही प्रत्येक दाव्यात शेवटपर्यंत लढवणार आहोत.

आता आमच्याच घरातले बोलतो, आणि ते काही सभासदांना झोंबेल. त्या सकाळी आमचे कितीतरी कायम कामगार चहाचे ग्लास हातात घेऊन ती तोड पाहत उभे होते. त्यांतले निम्मे ओएचई आणि पी-वेचे, ताण कशाला म्हणतात हे जाणणारे. एकानेही 'थांबा' म्हटले नाही. आपल्या दारावरचे झाड निघते आहे, अकरापर्यंत वीज येईल, यातच सगळे खूश होते. आम्ही स्वतः त्या वसाहतीच्या अधिकाऱ्याला आदल्या वर्षी पत्र लिहिले होते, पण ते झाड लवकर काढा म्हणून! कोण काढणार, कशाने काढणार, हे विचारायचे आम्हाला सुचले नव्हते. ठेक्यावरचा माणूस आपला सभासद नाही, वर्गणी देत नाही, म्हणून त्याचे मरण आपल्या अजेंड्यावर येत नाही, असे चालणार असेल तर आपण कसले कामगार संघटन?

म्हणून या वर्षी आम्ही प्रशासनापुढे काही गोष्टी ठेवल्या आहेत. कललेले, उपटलेले आणि अडकलेले झाड हे 'झाडेझुडपे' या सदरातून काढावे आणि त्याचे वेगळे काम, वेगळा दर धरावा, कुशल कामगाराचा. लाकडाच्या मोबदल्यात तोड ही पद्धत बंद व्हावी. झाड पाहून, कोणत्या बाजूने ताण आहे, पोकळ आहे काय, पडेल तर कुठे पडेल आणि तोडणारा पळेल कुठे, हे लिहून सही करणारा जबाबदार सुपरवायझर कामाच्या जागी हजर असावा; ऑफिसात बसून सही करणारा नको. टिर्फोर, तारेचा दोर आणि साखळी खात्याने द्यावी. हायड्रा आली नाही तर काम होणार नाही, रस्ता दुसरीकडून वळवावा. आणि 'मी या झाडाखाली जात नाही' म्हणणाऱ्या माणसाची त्या दिवसाची मजुरी कापली जाऊ नये. शेवटच्या मागणीवर बैठकीत एक साहेब हसले. असे केले तर कोणी जाणारच नाही, म्हणाले. आम्ही म्हटले, साहेब, हेच तर आम्ही सांगतो आहोत.

प्रशासनाचे म्हणणे असे की झाड लटकत ठेवले तर रहिवाशांच्या जिवाला धोका, तातडी आहे. तातडी आहेच. पण तातडीचा पहिला उपाय दोरी बांधून घेर बंद करणे आणि क्वार्टर रिकामे करणे हा आहे. त्याला अर्धा तास लागतो, आणि त्यात कोणी मरत नाही.

त्या गड्याचा दावा आम्ही दोन वर्षांची मुदत संपण्याच्या आत दाखल केला. ठेकेदार म्हणतो, हा माणूस माझ्या मस्टरवर नव्हताच. त्याच्या जोडीला दोर धरणारा साथीदार मजुरीसाठी तेलंगणात विटाच्या भट्टीवर गेला होता. त्याला शोधून, भाडे देऊन, साक्षीला आणले आहे. जाण्यायेण्याचा खर्च शाखेच्या निधीतून झाला. त्यावर ज्या दोन सभासदांनी हरकत घेतली त्यांचा मुद्दा सर्वसाधारण सभेत घेऊ, तोंड चुकवणार नाही. पुढच्या तारखेला जमेल तितक्या सभासदांनी सुटी काढून हजर राहावे, कारण त्या बाईच्या बाजूला बाकावर बसायला कोणी नसते.

सर्व शाखा चिटणीसांना सूचना : वादळे सुरू होण्यापूर्वी, म्हणजे ३० एप्रिलच्या आत, प्रत्येक शाखेने आपापल्या वसाहतीतून आणि रुळाकडेने फेरी मारावी. कललेले, मुळाशी भेगा पडलेले, कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकल्यास पोकळ वाजणारे आणि दुसऱ्या झाडावर टेकलेले प्रत्येक झाड लाल रंगाने खुणावे, क्वार्टर नंबर किंवा किलोमीटर लिहावा. यादीच्या तीन प्रती कराव्यात. एक संबंधित अधिकाऱ्याला पोच घेऊन, एक शाखेच्या फलकावर, एक आमच्याकडे.